अनॉन म्हणजे हातातलं टाकून

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी पढवलेलं नाही, कोणी धाक घातलेला नाही, आणि मला धाक घालणारं माणूस या गल्लीत अजून जन्माला यायचं आहे. पोटात गाठ आहे. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, हे रोजचंच आहे. त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. म्हणून हा कागद.

वकिलांनी एक नमुना टाइप करून दिला होता. त्यात नमनालाच घडाभर तेल. मी म्हटलं, मी माझ्या भाषेत लिहिलं तर चालेल का? ते म्हणाले, चालेल, पण दोन साक्षीदार पाहिजेत, कोणाला काय ते स्पष्ट पाहिजे, आणि ज्या शब्दावरून पुढे भांडण होईल असं वाटतं त्याचा अर्थ आधी लिहून टाका. तर तिथूनच सुरुवात करते.

कलम पहिले. शब्दाचा अर्थ.

माझं दुकान खाली आहे. मागे दोन खोल्या, वर एक खोली, रस्त्याकडे खिडकी असलेली. त्या वरच्या खोलीत बाई राहतात. बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. माझा नवरा गेला तेव्हा मुलगा लहान होता आणि मला भाडेकरू हवा होता, तेव्हा त्या आल्या त्या आल्याच. मुलाला इंग्रजी त्यांनी शिकवलं, एक पैसा न घेता. त्यावर आज तो ऑफिसात खुर्चीत बसतो. आता बाईंची ऐंशी उलटली. डोळ्यांना अंधूक दिसतं. काही लागलं की त्या काठीने जमीन ठोकतात. माझं कापायचं टेबल बरोबर त्याखाली आहे, त्यामुळे ठोकलं की माझ्या कापडावर चुना पडतो. तेव्हा ऐकू आलं नाही असं माझ्याकडे कोणी म्हणू शकत नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी दुकान बंद होतं. मी एका गिऱ्हाईकाकडे पडद्यांची मापं घ्यायला गेले होते. मुलगा आला होता आणि मागच्या खोलीत फोन बघत पडला होता. वर काठी वाजली. तो ओरडला, "आलोच." बाई तेव्हा न्हाणीतून निघाल्या होत्या, पाय ओले, गरगरलं म्हणून एका हाताने बेसिन धरलेलं. "आलोच" ऐकलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मुलगा काही आला नाही. हात सुटला. खुबा मोडला.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावर आहे. कोणीच ओ दिली नसती तर बाई खाली बसल्या असत्या. नाहीतर खिडकीतून समोरच्या चष्मेवाल्याला हाक मारली असती, तो धावत आला असता. पण कोणीतरी येतंय असं कळलं, म्हणून त्या थांबल्या. न बोलणाऱ्याने कमी नुकसान केलं असतं.

मुलगा म्हणाला, "आई, मी खरंच जाणार होतो." माझा त्यावर विश्वास आहे. तीच तर पंचाईत आहे. खोटं बोलला असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. बाई हॉस्पिटलात पायाला वजन लावून पडल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, एवढी रागावू नकोस त्याच्यावर. एक अख्खी भाषा अशीच वागली आहे."

मी म्हटलं, "औषधाचा परिणाम आहे का हा?"

"नाही गं. इंग्रजीत एक शब्द होता, अनॉन. आता कोणी वापरत नाही. मुळात त्याचा अर्थ 'एकात'. म्हणजे एका दमात, तडक. हाक आली की माणूस म्हणायचं अनॉन, आणि यायचं."

"मग?"

"मग माणसं नुसतं म्हणायला लागली. शब्द तोच ठेवला, उशीर नवा घातला. होता होता त्याचा अर्थच झाला 'थोड्या वेळाने'. जुन्या नाटकांत बघ, आतून हाक येते, बाहेरचं माणूस ओरडतं अनॉन, आणि जागचं हलत नाही, आपलं बोलणं चालूच. परत हाक, परत अनॉन. बघणाऱ्यांना कळतं, हे काही जायचं लक्षण नाही. कवितेत तर आणखी सैल. 'एव्हर अँड अनॉन' लिहायचे, म्हणजे अधूनमधून. कुठे एका दमात, कुठे अधूनमधून."

"इलॅस्टिकसारखं झालं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"नवं असतं तेव्हा कमरेला धरतं. ताणून ताणून मरतं. मग कमरेला इलॅस्टिक असतं, पण पँट हातानेच धरावी लागते."

बाई इतक्या हसल्या की वजन हललं आणि कळ आली. म्हणाल्या, "हे मला वर्गात सुचलं असतं तर मागच्या बाकावरची पोरं जागी राहिली असती."

"मग त्यांनी नवं घातलं का?"

"घातलं ना. 'लगेच' साठी दुसरे शब्द आणले. तेही सैल झाले. आपलं 'आत्ता येतो' घे. आत्ता म्हणजे कधी, सांग बरं?"

 माझ्या धंद्यात 'आत्ता देते' म्हणजे काय ते गिऱ्हाइकांना विचारा.

"म्हणजे दोष शब्दाचा नाही," मी म्हटलं.

"शब्दाचा कसला दोष. म्हणणाऱ्यांनी पाळला असता तर टिकला असता बिचारा."

बाई घरी आल्या त्या दिवसापासून माझ्या दुकानात नियम आहे. काठी वाजली की 'आले', 'आलोच', 'एक मिनिट' असलं काही म्हणायचं नाही. आधी कात्री खाली, मग पाय जिन्यावर, मग तोंडाने अनॉन. बिनपाळलेला शब्द तोंडातून काढायचा नाही. एकदा एका साहेबांच्या कोटाची ट्रायल चालू होती, एका बाहीला टाचण्या लावलेल्या, काठी वाजली, मी गेले. साहेब हात पसरून उभे. खालून विचारतात, "अहो ताई, या हाताचं काय?" मी वरून सांगितलं, "तसाच ठेवा, वाकवलात तर टोचेल." ते गिऱ्हाईक तुटलं नाही. आता स्वतःच सांगतात, काठी वाजली, जा जा.

तर या कागदापुरता अर्थ असा: अनॉन म्हणजे हातातलं टाकून, जिन्याची पहिली पायरी चढून, मग बोलणे. कोर्टात कोणी डिक्शनरी आणली आणि तिच्यात 'थोड्या वेळाने' असं निघालं, तर ती डिक्शनरी माझ्या घरात चालत नाही.

कलम दुसरे. औजारे.

पायाचं मशीन, ओव्हरलॉकचं मशीन, इस्त्री, कापायचं टेबल, खडू, बॉबिनांचा डबा हे सगळं माझ्याकडे काज-बटणाचं काम करणाऱ्या बाईला द्यावं. सगळे तिला काजवाली म्हणतात, मीही तेच लिहिते. तिचा टाका इतका बारीक असतो की उसवताना मलाच दिसत नाही. पायाच्या मशीनचं चाक थंडीत जड होतं, तेव्हा त्याला तेल द्यावं, शिव्या देऊ नयेत. शिव्या मी देऊन पाहिल्या आहेत.

मोठी कात्री माझ्या धाकट्या जावेला देऊ नये. तिने ती एकदा मागून नेली आणि मुलांचे कागद कापले. कापडाच्या कात्रीने कागद. धार लावणाऱ्याने हातात घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरात कोणी गेलंय का विचारतोय. जावेला स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्या कापायची कात्री द्यावी. तिने नाक मुरडलं तर मुरडू द्यावं. मनातून मी तिला माफ केलेलं आहे, पण कात्रीने केलेलं नाही.

लाकडी पट्टी, कापड मापायची, लांब, ती बाईंना. का ते पुढे येईल.

कलम तिसरे. बँक.

बँकेत आहे त्यातलं ऑपरेशन खाईल. उरेल ते बाईंच्या औषधपाण्याला. त्यातूनही उरलं तर सुनेला. सून चांगली आहे. तिला वाटतं तिने मला अजून एकही गोष्ट धड करून दाखवली नाही. दाखवल्या आहेत, मी बोलले नाही एवढंच. आता लिहिलं.

कलम चौथे. घर.

या कलमावर खाडाखोड आहे ती माझीच आहे, कोणी नंतर केलेली नाही. खोडलेल्या जागी सही केली आहे.

आधी काय लिहिलं होतं ते सांगते, म्हणजे मागून कुजबुज नको. आधी लिहिलं होतं की बाई आहेत तोवर घर काजवालीच्या ताब्यात, आणि मुलाला त्यानंतर. कारण मुलाने मला स्पष्ट सांगितलं होतं, "आई, तुझं काही झालं तर बाईंना एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू. तिथे बेल असते. दाबली की येतात."

मी विचारलं, "कोण येतं?"

"स्टाफ असतो."

"लगेच येतो?"

"येतात गं."

हे 'येतात गं' मला चांगलं ओळखीचं आहे. त्या दिवसापासून झोप नाही. गाठीची भीती नाही असं नाही, पण गाठीला डॉक्टर आहे. बाईंनी कुठल्यातरी अनोळखी पलंगावर बेल दाबली आहे, लांबून कोणीतरी 'आलोच' म्हटलं आहे आणि त्या उभ्या आहेत, हे डोळ्यांसमोर येतं आणि मी अंथरुणात उठून बसते.

मग मी काजवालीला विचारलं, "माझ्यानंतर दुकान चालवशील?"

"ताई, असलं अभद्र बोलू नका."

"उत्तर दे."

"चालवीन."

"आणि काठी?"

"काठीचं काय विचारता. पण रविवारी नाही हं, ताई. रविवारी माझा नवरा घरी असतो, आणि तो घरी असला की काहीतरी मोडून ठेवतो."

म्हणजे सहा दिवस शिवून झाले आणि सातवा उघडा राहिला. आणि बाई पडल्या होत्या रविवारीच. मी चष्मेवाल्याला विचारलं, तो हल्ली दर रविवारी गावाला जातो. कोपऱ्यावरच्या पाववाल्या मावशींना विचारलं, त्यांचे गुडघे जिना चढत नाहीत. पैसे देऊन बाई ठेवावी तर ती अनोळखी, तिला अनॉन कोण शिकवणार. कापड कमी पडलं की कुठूनही जोडून निघत नाही, तसं झालं.

काल संध्याकाळी मुलगा हॉस्पिटलचे कागद घेऊन आला. काजवाली घरी गेली होती. मला डॉक्टरांनी जिना बंद केलेला. तो टेबलाशी बसून चहा पीत होता, आणि काठी वाजली. चुना पडला त्याच्या कागदांवर.

तो म्हणाला, "आलो" आणि माझ्याकडे पाहून तोंड मिटलं. कप हातात. मी काही बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, ते मला किती जड गेलं असेल. त्याने कप खाली ठेवला नाही. चहा प्यायला, गरम होता तरी घाईने, जीभ भाजली ते दिसलं. मग कप विसळून ठेवला, तो कशाला ते त्यालाच माहीत. आणि गेला.

मी खाली बसून ऐकत होते. पावलं जिन्यावर, मग खिडकीची कडी, मग बाईंचं हसणं. तो खाली आला.

"खिडकी लावायची होती," म्हणाला. "वारा लागत होता त्यांना."

"हसल्या का?"

"म्हणाल्या, तू शब्दाच्या मधल्या काळातला आहेस. म्हणजे काय, आई?"

"म्हणजे चहा पिऊन येणारा."

तो खुर्चीत बसला. कागदांवरचा चुना बोटाने एका जागी गोळा करत राहिला. म्हणाला, "आई, त्या रविवारी मी…"

"ते राहू दे. रविवारी काय करतोस?"

"कुठल्या?"

"सगळ्या."

 पूर्वीचा असता तर 'बघतो' म्हणाला असता, आणि मी हे कलम आहे तसंच ठेवलं असतं. तो म्हणाला, "रविवारी सकाळी निघालो तर इथे पोचेपर्यंत ऊन चढतं. शनिवारी ऑफिस सुटलं की सरळ इकडेच येईन. इथे झोपेन. म्हणजे काठी वाजेल तेव्हा खालीच असेन."

"आणि सून?"

"तिला आधीच विचारलंय. ती म्हणाली, तीही येईल अधूनमधून."

अधूनमधून म्हटल्यावर मला हसू आलं. ते त्याला कळलं नाही.

माझा विश्वास बसला असं मी लिहीत नाही. टाका घातला आहे, धरतो की नाही ते ओढ लागल्यावर कळेल, आणि ओढ लागेल तेव्हा मी असेन की नाही, हीच तर धास्ती आहे. पण ज्याला कापडच दिलं नाही तो शिवणार तरी काय. म्हणून आधीचं खोडून असं लिहिते:

घर मुलाला. आजपासून नव्हे, माझ्यानंतर. रविवारही त्यालाच. घर आणि रविवार वेगळे करता येणार नाहीत. एक घेतलं की दुसरं आलं. खालचं दुकान काजवालीने भाडं न देता चालवावं, बाकीचे सहा दिवस काठीला तिने ओ द्यावी. बाई आहेत तोवर वरची खोली विकू नये, भाड्याने देऊ नये, 'रंग काढायचा आहे' म्हणून रिकामी करू नये. बाईंना त्यांच्या मर्जीशिवाय कुठल्याही बेलच्या ठिकाणी ठेवू नये. मुलगा रविवारी आला नाही, तर काजवालीने वकिलांना कळवावं. तिने त्याच्यावर दया करू नये. तिचा टाका बारीक आहे, पण मन सैल आहे, म्हणून लिहिते.

मुला, हे वाचून तुला वाटेल आईने मरतानाही विश्वास ठेवला नाही. ठेवला आहे. आधीच्या कलमात रविवार नव्हता.

कलम पाचवे. काठी आणि पट्टी.

आज सकाळी बाई हट्ट धरून बसल्या की मी साक्षीदार म्हणून सही करणार. काजवालीला पाठवून निरोप केला, वकिलांनी निक्षून सांगितलंय, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये. वरून उत्तर, मला काय मिळतंय? मी कळवलं, खोली. त्या म्हणाल्या, ती माझीच आहे, भाडं देते. शेवटी मी डॉक्टरांना न विचारता जिना चढले. एकेक पायरी, बसत बसत.

बाई पलंगावर होत्या. म्हणाल्या, "भीती वाटते का गं?"

मी म्हटलं, "भूल देतात आणि मग नावाने हाका मारून उठवतात म्हणे. मला नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. कोणी ताई म्हणतं, कोणी आई, कोणी शिवणवाली. नर्सने ते कागदावरचं नाव घेतलं तर मला वाटेल दुसऱ्या कोणाला बोलावतायत. मी पडून राहीन."

 बाईंनी उशाची काठी माझ्या हातात दिली. "ही घेऊन जा. त्यांना सांग, नाव नको. पलंगाच्या पायाशी ही ठोका. तू उठशील."

"आणि तुम्ही काय ठोकणार?"

"तुझी ती लाकडी पट्टी दे."

म्हणून पट्टी त्यांची. हे मृत्यूनंतरचं देणं नव्हे, आजच दिली. काठी मी गुरुवारी बरोबर नेत आहे. काजवालीने नर्सला समजावून सांगावं, नर्स हसली तरी सांगावं. काठी ठोकूनही मी ओ दिली नाही, तर मी शब्द मोडला असं कोणी म्हणू नये. त्या वेळी माझ्या हातात टाकण्यासारखं काही राहिलेलं नसेल, एवढंच समजावं. काठी परत वर नेऊन द्यावी, त्याच दिवशी.

मी बाईंना विचारलं, "तुमच्या पुस्तकांत कोणी हा शब्द जुन्या अर्थाने पाळला होता का?"

म्हणाल्या, "पाळणारे पुस्तकात येत नाहीत गं. ते पोचलेले असतात."

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः मोठ्याने वाचलं, साक्षीदारांनी ऐकलं. चष्मेवाल्याने मध्येच 'रंग काढायचा आहे' याला हसून घेतलं, कारण त्याने त्याच्या भाडेकरूला तसंच काढलं होतं. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि गुरुवार पार पडला तर हे फाडून दुसरं करायचं की हेच ठेवायचं ते मी ठरवीन. रविवारचं मात्र फाडणार नाही.

सही: शिवणवाली (कागदावरचं नाव शेजारी लिहिलं आहे, ते वकिलांसाठी)

साक्षीदार पहिला: समोरचा चष्मेवाला. त्याने सही स्वतःचा चष्मा शोधून मग केली.

साक्षीदार दुसरी: कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातल्या मावशी. सही येते, पण अंगठाही दिला, जास्तीचा बरा म्हणून.

ठिकाण: माझं कापायचं टेबल.

दिवस: गुरुवारच्या आधीचा मंगळवार, दुपार. तारखेचा आकडा वकील घालतील.

तळटीप. साक्षीदार गेले. कागदावर चुना पडला आहे, तो झटकू नये, तो कोणी बाहेरून घातलेला नाही. वर पट्टी वाजते आहे. काजवाली दोरा आणायला गेली आहे. जिना मला बंद आहे, ते मला माहीत आहे. पेन खाली ठेवते.